न्यूमोनियाच्या वॉर्डातील पहिली बाटली : डेक्स्ट्रोजयुक्त नॉर्मल सलाईनचे परीक्षण

या परीक्षणाचा विषय सलाईनची एक साधी बाटली हा आहे. तिच्यात ०.९ टक्के मीठ आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) असते आणि वॉर्डात तिला सगळे ‘डीएनएस’ म्हणतात. हे द्रावण अनेक कंपन्या तयार करतात, त्यामुळे येथे कोणा एका कंपनीच्या मालाविषयी काही म्हणायचे नाही. जे म्हणायचे आहे ते द्रावणाविषयी. संदर्भ मात्र नेमका ठेवला आहे. न्यूमोनियामुळे दाखल झालेले, महिन्याहून मोठे आणि पाच वर्षांच्या आतले मूल, ज्याला धापेमुळे किंवा उलट्यांमुळे तोंडाने पुरेसे घेता येत नाही आणि ज्याच्या रक्तातले सोडियम उतरलेले आहे किंवा उतरण्याच्या बेतात आहे, अशा मुलाला पहिली बाटली कोणती लावावी? माझ्या मते हीच. परंतु ही बाटली सोडियम आणखी घसरू नये म्हणून लावायची असते, घसरलेले सोडियम वर आणण्यासाठी नव्हे. हा फरक वॉर्डात फार वेळा नजरेआड होतो, आणि बाटलीविषयीच्या बहुतेक तक्रारी तेथूनच सुरू होतात.

रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (क्षार मोजण्याचे एकक) असावे लागते. १३५ च्या खाली ते कमी समजले जाते, १३० ते १३४ पर्यंतची घसरण सौम्य मानतात आणि १२५ च्या खालची गंभीर. न्यूमोनियात ही घसरण किती सर्रास आढळते याचे आकडे जुनेच आहेत. चंडीगढच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या २६४ मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुलांचे सोडियम कमी होते. इटलीतील २००८ च्या अभ्यासात १०८ मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४५ टक्के निघाले, मात्र तेथील बहुतेक मुलांची घसरण सौम्य होती. सोडियम कमी असलेल्या मुलांचा आजार अधिक तीव्र असतो आणि मुक्काम लांबतो, असेही अशा अभ्यासांतून दिसते. त्यावरून सोडियमनेच आजार वाढवला असे म्हणता येत नाही, कारण जास्त आजारी मुलाचे सोडियम जास्त उतरते हेही तितकेच खरे आहे.

आई-वडिलांना सोडियम कमी झाल्याचे सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मग याच्या खाण्यात मीठ कमी पडले का?” बहुतेक मुलांत मीठ कमी पडलेले नसते, पाणी जास्त साठलेले असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि ते मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगते. एरवी रक्त पातळ झाले की हे संप्रेरक थांबते आणि जास्तीचे पाणी लघवीवाटे निघून जाते. न्यूमोनियात मात्र ताप, मळमळ, वेदना, ऑक्सिजनची कमतरता आणि शरीरातील दाह या सगळ्यांमुळे ते वाहतच राहते. त्यात फुगलेल्या फुप्फुसांमुळे हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त कमी येत असल्यास शरीराचा असाही समज होतो की पाणीच कमी पडले आहे. परिणामी रक्त पातळ असूनही लघवी दाट होते, आणि अशा वेळी शिरेतून जे पाणी जाईल ते आत अडकून बसते. त्यामुळे कोणती बाटली लावली जाते याला न्यूमोनियाच्या मुलात जितके महत्त्व आहे तितके, समजा, हाताच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी काही तास उपाशी ठेवलेल्या सुदृढ मुलात नाही.

या बाटलीची खरी स्पर्धा ज्या बाटलीशी आहे तिचा इतिहास थोडा सांगायला हवा. १९५७ साली हॉलिडे आणि सेगर या दोघा डॉक्टरांनी मुलांच्या सलाईनचे सूत्र मांडले, आणि ते आजही प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो : पहिल्या १० किलोंसाठी किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोंसाठी किलोमागे ५० आणि त्यापुढे किलोमागे २०. पाण्याचा हा हिशेब त्यांनी मूल किती कॅलरी खर्च करते यावर बसवला, आणि क्षारांचा हिशेब आईच्या व गाईच्या दुधातील प्रमाणाकडे पाहून ठरवला. त्यातून लिटरमागे जेमतेम ३० मिलिमोल सोडियम असलेले द्रावण पुढे आले आणि ०.१८ टक्के मीठ व ४ टक्के डेक्स्ट्रोज किंवा त्याच्या आसपासच्या घडणीच्या ‘मुलांच्या मेंटेनन्स’ (म्हणजे रोजची गरज भागवण्याच्या) बाटल्या जगभर रूढ झाल्या. निरोगी मुलाच्या गरजेसाठी तो हिशेब वाजवी होता. योगायोग असा की त्याच १९५७ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांच्या निमित्ताने एडीएच अवाजवी प्रमाणात स्रवण्याच्या विकाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. हे दोन शोध एकमेकांशेजारी ठेवून पाहायला वैद्यकशास्त्राला पुढे कित्येक दशके लागली, आणि त्या काळात कमी मिठाची बाटली सवयीने लावली जातच राहिली.

तिच्यामुळे काय होते ते आकड्यांत पाहावे. एक वर्षाचे १० किलो वजनाचे मूल घेऊ. त्याच्या शरीरात सुमारे ६ लिटर पाणी असते आणि दाखल होताना सोडियम १३६ आहे असे धरू. सूत्राप्रमाणे त्याला दिवसभरात १००० मिलिलिटर कमी मिठाचे द्रावण गेले तर त्यातून सोडियम मिळते सुमारे ३१ मिलिमोल. बाकी बहुतेक निव्वळ पाणीच असते, कारण डेक्स्ट्रोज शरीरात जळून जाते. एडीएचमुळे या पाण्यापैकी अर्धा लिटर जरी आत राहिले तरी सहाचे साडेसहा लिटर होते आणि १३६ चे सोडियम १२६ च्या आसपास येते. एका दिवसात दहा अंकांची घसरण, तीही सूत्र काटेकोर पाळून! लहान मुलांत ही घसरण अधिक घातक ठरते. मोठ्यांच्या तुलनेत त्यांचा मेंदू कवटीत अधिक जागा व्यापतो आणि सूज आली तर फुगायला वाव उरत नाही.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे वळतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ म्हणजे ७७ मिलिमोल सोडियम आणि तितकेच क्लोराईड असते, शिवाय २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज. लिटरचा हिशेब केला तर सोडियम १५४ होते. रक्तातील १४० शी तुलना करता ते जास्त वाटते; पण रक्तद्रवाचा काही भाग प्रथिनांनी आणि स्निग्ध पदार्थांनी व्यापलेला असतो, आणि त्यातील केवळ पाण्याचा हिशेब धरला तर दोन्ही आकडे बरेच जवळ येतात. लेबलावर ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण, लिटरमागे ५८० हून जास्त लिहिलेली पाहून नवे रेसिडेंट डॉक्टर कधी कधी हे द्रावण अतिदाट समजतात. त्यातला जवळजवळ अर्धा वाटा डेक्स्ट्रोजचा असतो. पेशी तो वापरून टाकतात आणि मागे नॉर्मल सलाईनच उरते, म्हणजे ०.९ टक्के मिठाचे, रक्ताशी समतोल असलेले द्रावण.

त्याचा परिणाम काय होतो याचा पुरावा भक्कम आहे. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ६९० मुलांना लिटरमागे १४० किंवा ७७ मिलिमोल सोडियम असलेले द्रावण देण्यात आले. पहिल्या गटात ४ टक्के मुलांचे सोडियम घसरले, दुसऱ्या गटात ११ टक्के. त्या चाचणीतले समतोल द्रावण आपल्या बाटलीसारखे हुबेहूब नव्हते, त्यात क्लोराईड कमी होते, हे मात्र लक्षात ठेवावे. त्याच वर्षी ब्रिटनच्या नाईस या संस्थेने मुलांच्या नेहमीच्या सलाईनसाठी १३१ ते १५४ सोडियमची द्रावणे वापरावीत असे सांगितले, आणि २०१८ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पुरेशा पोटॅशियम व डेक्स्ट्रोजसह समतोल द्रावणाचीच शिफारस केली. ०.१८ टक्क्याची बाटली मुलांच्या वॉर्डांतील सर्वसाधारण साठ्यातून काढून घेण्याची सूचना ब्रिटनमध्ये तर २००७ सालीच निघाली होती. इतके झाल्यावरही ती कमी मिठाची बाटली न्यूमोनियाच्या मुलाला निव्वळ ‘आमच्याकडे हीच लावतात’ म्हणून लावली जाते, तेव्हा त्याला सवयीपलीकडे काही कारण उरत नाही.

तरीही पूर्ण गुण द्यायला मी तयार नाही, आणि त्याचे पहिले कारण बाटलीत नसून तिच्या वेगात आहे. द्रावण समतोल आहे म्हणून ते हवे तितके द्यावे, असा समज हल्ली पसरलेला दिसतो. १० किलोच्या मुलाला पूर्ण मेंटेनन्स म्हणजे तासाला सुमारे ४२ मिलिलिटर. मायक्रोड्रिप सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिलिलिटर होत असल्यामुळे हिशेब फार सोयीचा पडतो : तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितके थेंब. एडीएच वाढलेल्या मुलात नाईसच्या शिफारशीप्रमाणे नेहमीच्या ५० ते ८० टक्केच द्यावे लागते. दोन-तृतीयांश धरले तर मिनिटाला २८ थेंब. बेचाळीस आणि अठ्ठावीस यांमधला फरक कोणत्याही लेबलावर छापलेला नसतो, तो ब्युरेटच्या (सलाईनच्या नळीवरील मोजमापाच्या नळकांड्याच्या) चाकावर ठरतो, आणि मूल रडून हात हलवू लागले की ठरलेलाही राहत नाही. इन्फ्युजन पंप असेल तर उत्तम. नसेल तर ब्युरेटमध्ये एका वेळी एक-दोन तासांपुरतेच द्रावण भरून ठेवण्याची जुनी पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे, कारण चाक पूर्ण सैल झाले तरी मुलाच्या अंगात तेवढेच जाते. अर्थात मूल पाण्यावाचून सुकलेले असेल, उलट्या-जुलाब झालेले असतील, डोळे खोल गेले असतील, तर हात आखडता घेण्याचा हा नियम आधी बाजूला ठेवावा लागतो. पाणी साठलेले मूल आणि सुकलेले मूल, दोघांचेही सोडियम १२९ असू शकते. केवळ रिपोर्ट पाहून त्यांच्यात फरक करता येत नाही, मूल तपासावे लागते आणि वजन करावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक बारकाव्याची आहे. सोडियम आधीच १२८ आहे, बाटलीत १५४ आहे, म्हणजे बाटली दिली की सोडियम वर येणार, असा सरळ तर्क कोणीही करील, पण एडीएच जोरात असेल तर तो फसतो. मूत्रपिंड अशा वेळी पाणी राखते, मीठ मात्र लघवीत सोडून देते. समजा, मुलाची लघवी इतकी दाट आहे की तिच्यातील सोडियम आणि पोटॅशियमची बेरीज बाटलीतील १५४ च्या दीडपट भरते. मग अर्ध्या लिटर बाटलीतले सगळे मीठ सुमारे ३३३ मिलिलिटर लघवीतून बाहेर पडू शकते, आणि उरलेले जवळजवळ १६७ मिलिलिटर मीठ नसलेले पाणी म्हणून आत राहते. मीठ दिले आणि सोडियम उतरले, असा प्रकार होतो. तो रोज दिसत नाही, कारण मुलाला पाणी मोजून दिले आणि ताप, धाप, ऑक्सिजन यांकडे नीट लक्ष दिले की एडीएच बहुधा दोन-तीन दिवसांत आपणहून ओसरते. परंतु बाटली चालू असूनही सोडियम खाली जात असेल तर आणखी एक बाटली लावण्याऐवजी लघवीतील सोडियम आणि पोटॅशियम तपासावे. त्यांची बेरीज १५४ च्या वर असेल तर ही बाटली कितीही दिली तरी सोडियम वर येणार नाही, उलट आणखी उतरू शकते. लघवीचा नमुना घेणे तसे बिनत्रासाचे काम आहे आणि तरीही सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

तिसरी उणीव पोटॅशियमची. बाटलीत ते अजिबात नसते. फिनलंडमधील २०२१ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त सोडियम पण थोडेच पोटॅशियम असलेल्या द्रावणाची गाठ कमी सोडियम पण भरपूर पोटॅशियम असलेल्या द्रावणाशी घालण्यात आली, तेव्हा पहिल्या गटातील मुलांमध्ये पोटॅशियम घटण्याचे प्रकार कितीतरी जास्त आढळले. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध मिळत असलेल्या मुलात तर ही शक्यता आणखी वाढते. म्हणून मूल लघवी करीत आहे याची खात्री करून लिटरमागे साधारण २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराईड घालावे लागते. अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी १५ टक्क्यांच्या अँप्यूलमधले ५ मिलिलिटर. घालण्याची रीत महत्त्वाची आहे. स्टँडला टांगलेल्या, चालू असलेल्या बाटलीत सुईने पोटॅशियम सोडले तर ते जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नेमके नळीच्या तोंडाशी साचते आणि दाट स्वरूपात आधी शिरेत उतरते. बाटली खाली काढावी, औषध घालावे, दहा-बारा वेळा उलटीसुलटी करावी, बाटलीवर किती घातले ते लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि मगच टांगावी. पोटॅशियम मिसळूनच तयार मिळणारी बाटली उपलब्ध असेल तेथे मी डोळे झाकून तीच निवडेन.

क्लोराईड मात्र रक्तातल्यापेक्षा बरेच जास्त आहे. दोन-तीन दिवस सतत दिल्यास रक्त थोडे आम्लधर्मी होते, आणि आधीच धापणाऱ्या मुलाच्या श्वासावर त्याचा ताण पडू शकतो. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाईनमध्ये ही अडचण कमी, पण त्यात सोडियम सुमारे १३० असते आणि बहुतेक वेळा डेक्स्ट्रोज नसते. सोडियम आधीच कमी असलेल्या न्यूमोनियाच्या मुलात मी तरी रिंगरला दुसरी जागा देतो.

वेष्टनाविषयी थोडे कडक बोलायला हवे. ०.१८, ०.४५ आणि ०.९ टक्क्यांच्या डेक्स्ट्रोज-सलाईन बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच पारदर्शक प्लॅस्टिकच्या आणि जवळजवळ सारख्याच छपाईच्या येतात. फरक असतो तो दशांश चिन्हानंतरच्या एक-दोन अंकांचा, तोही लांबलचक नावाच्या पोटात दडलेला. रात्रपाळीला दिवा मंद केलेला असताना दोन बाटल्या उजेडात धरून “डॉक्टर, ही पॉइंट नाइनचीच ना?” असे विचारणारी सिस्टर मला सर्वांत विश्वासू वाटते, पण तिला विचारावे लागते हाच छपाईचा दोष आहे. लिटरमागे सोडियम किती, हा एकच आकडा बाटलीवर ठळक छापला, १५४, ७७ किंवा ३१, तर निम्मा गोंधळ तेथेच मिटेल. टक्क्यांवरून मिलिमोल काढायला लावणारे लेबल ज्याने ठरवले त्याने रात्रपाळी केलेली नसावी. जोवर हे बदलत नाही तोवर कमी मिठाच्या बाटल्या मुलांच्या वॉर्डातील कपाटात ठेवूच नयेत. ज्या थोड्या मुलांना त्या खरोखर लागतात त्यांच्यासाठी औषध विभागातून मागवता येतात.

बाटलीचे यश-अपयश शेवटी रक्ततपासणीवरून ठरते, म्हणून तिच्याविषयीही दोन शब्द. सलाईन सुरू करण्यापूर्वी सोडियम, पोटॅशियम, साखर आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहावे. नंतर निदान दिवसातून एकदा, आणि पहिला आकडा १३० च्या खाली असेल तर काही तासांनीच पुन्हा. नमुना सलाईन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने घेतला तर रिपोर्टमध्ये बाटलीच उतरते : साखर अचानक आकाशाला भिडलेली आणि, बाटलीत पोटॅशियम घातलेले नसेल तर, पोटॅशियम कमी. सोडियम तेवढे बरे दिसते, आणि तीच यातली खरी मेख आहे, कारण वाईट आकडा पाहून माणूस तपासणी पुन्हा करतो, बरा आकडा पाहून करीत नाही. साखर खरोखरच वाढलेली असेल तर तीही पेशींतले पाणी बाहेर ओढून सोडियम खाली दाखवते. त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

ही बाटली कोठे वापरू नये तेही स्पष्ट सांगणे जरूर आहे. मूल शॉकमध्ये असेल, हातपाय गार आणि नाडी क्षीण व वेगवान असेल, तर भराभर द्यायचे द्रावण डेक्स्ट्रोजविरहित असावे; डीएनएस भराभर दिल्यास साखर भरमसाट चढते आणि लघवीवाटे उलट पाणी जाऊ लागते. २८ दिवसांच्या आतील बाळांसाठी, हृदयाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलांसाठी वरच्या शिफारशी लागू होत नाहीत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. आणि सोडियम कमी असलेल्या मुलाला झटके येऊ लागले, ते बेशुद्ध होऊ लागले, किंवा श्वास अनियमित होऊ लागला, तर ती वेळ या बाटलीची नव्हेच. तेथे ३ टक्के सलाईन लागते, ज्यात लिटरमागे ५१३ मिलिमोल सोडियम असते. किलोमागे २ मिलिलिटर, १० ते १५ मिनिटांत, आणि गरज पडल्यास पुन्हा. झटके थांबवायला सोडियम थोडेसे वर आले तरी पुरते. नंतर मात्र घाई करू नये, कारण बराच काळ उतरलेले सोडियम झपाट्याने वर नेले तर मेंदूच्या आतील भागाला कायमची इजा होऊ शकते; २४ तासांत एकूण ८ ते १० मिलिमोलची वाढ पुरेशी मानतात. झटक्यांआधीच्या खुणा बहुधा सर्वांत आधी आईच्या लक्षात येतात : मूल नेहमीपेक्षा सुस्त, उगाच चिडचिडे, पुन्हा उलट्या, नजर ठरत नाही. तापाची गुंगी म्हणून त्या सोडून दिल्या जातात. त्या सांगणाऱ्या आईचे ऐकून सोडियम पुन्हा तपासणे हे कोणत्याही वॉर्डाला जमण्यासारखे आहे.

अन्न म्हणून मात्र बाटली अगदीच कमी पडते. तिच्या अर्ध्या लिटरमधून मिळतात जेमतेम ८५ कॅलरी. म्हणजे १० किलोच्या मुलाला दोन-तृतीयांश मेंटेनन्स दिवसभर दिला तरी ११५ च्या आसपास, जेव्हा सूत्राप्रमाणे त्याची गरज हजाराच्या घरात असते. साखर उतरू न देण्यापुरते डेक्स्ट्रोज तेथे असते, पोट भरण्यासाठी नव्हे. म्हणून ज्या मुलाला नाकातील नळीने दूध देता येते त्याला सलाईनच लावू नये, हे माझे ठाम मत आहे. दुधाचाही हिशेब मोजूनच ठेवावा लागतो, कारण आईच्या दुधातही सोडियम थोडेच असते आणि एडीएच चढलेले असताना पोटातून गेलेले पाणीदेखील आत साठते. त्यातही दूध पातळ करून देणे किंवा ‘घसा सुकतोय’ म्हणून वरचेवर साधे पाणी, ग्लुकोजचे पाणी पाजणे पहिले एक-दोन दिवस टाळावे. शिरेतून १५४ ची बाटली चालू ठेवून तोंडाने पाणी पाजत राहिल्यास बाटलीचा सारा फायदा वाया जातो, आणि केस पेपरवर त्या पाण्याची नोंदही नसते. धाप कमी झाली, मूल अंगावर पिऊ लागले की थेंब निम्म्यावर आणावेत आणि दुसऱ्यांदा पाजलेले दूधही पोटात टिकले की बाटली काढावी. सुई हवी तर आणखी एक दिवस अँटिबायोटिकसाठी राहू द्यावी. तिला सलाईन जोडलेले असण्याची गरज नाही.